अंगात दोन महिने, कपाटात दहा: नागपुरात लेदर जॅकेट पारखून घेताना

चार वर्षांपूर्वी नोव्हेंबरात एका पहाटे फुटाळा तलावावर चहाला जायचं ठरलं, म्हणून कपाटातून जॅकेट काढलं. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, २,२०० रुपयांना घेतलेलं. दुकानदाराच्या भाषेत 'प्युअर लेदर'. तीन हिवाळ्यांत मोजून वीस-पंचवीस वेळा घातलं असेल. हँगरवरून उचललं तर कॉलरचा काळा पापुद्रा बोटाला चिकटून आला आणि खाली दिसलं पांढरं विणलेलं कापड. बाही झटकली तर फरशीवर खवले. आई स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाली, "काय रे हे, साप कात टाकून गेला का इथं?"

गोकुळपेठेत फुटपाथवर बॅगांच्या चेन बदलून देणारे एक काका बसतात. काही जमतं का पाहावं म्हणून त्यांच्याकडे नेलं. त्यांनी ते उलटं केलं, अस्तराच्या फटीत बोट घातलं आणि परत माझ्या हातात दिलं. "हे चामडं नाहीच बाबू. कापडावर प्लास्टिक चढवलंय. हे घालूनशान नाही खराब होत, ठेवूनशान होते."

हे एक वाक्य मला २,२०० रुपयांना पडलं, पण नंतरची सगळी खरेदी त्याच्यावर चालते. पुण्या-मुंबईच्या लेखांत जॅकेट 'कसं दिसतं' यावर पानं भरलेली असतात. आपल्याकडे प्रश्न निराळा आहे. नागपुरात जॅकेट अंगात असतं दोन महिने आणि कपाटात असतं दहा. त्या दहा महिन्यांत मे महिन्याचे ४५ अंश येतात आणि लगेच पाठोपाठ जुलै-ऑगस्टची दमट हवा. रेक्झिनवरचा जो थर असतो, ज्याला पीयू म्हणजे पॉलियुरेथेन म्हणतात, त्याला हवेतलं बाष्प आणि उष्णता मिळून आतून तोडत असतात. तुम्ही जॅकेट घाला की नका घालू, घड्याळ चालूच. म्हणून किंमत ठरवताना डोक्यात ठेवायचं ते एवढंच: ही वस्तू नागपूरच्या कपाटात किती उन्हाळे-पावसाळे काढेल?

पहिलं काम: कशासाठी पाहिजे ते ठरवा

नागपूरची थंडी पाहुण्यासारखी. येते तेव्हा जोरात येते, पण मुक्काम लांबवत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा साधारण १०-१२ अंशांच्या आसपास असतो, एखादी लाट आली की आणखी खाली उतरतो. २९ डिसेंबर २०१८ ला तो ३.५ अंशांवर गेला होता; त्या दिवशी स्वेटरवर स्वेटर चढवून ऑफिसला गेलेले लोक अजून ती गोष्ट सांगतात. पण दुपारी इथं डिसेंबरातही ऊन बोचतं. त्यामुळे आत जाड कापसाचं गादीसारखं अस्तर असलेलं जॅकेट सकाळी नऊ वाजेपर्यंत स्वर्ग आणि अकराला भट्टी. आपल्याला पुरतं ते मेंढीचं किंवा बकरीचं पातळ, मऊ चामडं आणि साधं अस्तर. मनालीला वर्षातून एकदा जायचंय म्हणून जाड जॅकेट घेऊ नका. आत एक लोकरी बंडी घाला.

बाइकवर चिखलदरा, पचमढीला जाणाऱ्यांचं गणित वेगळं. (समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे तो विचार सोडा.) दुकानात 'बाइकर जॅकेट' या नावाखाली जे मिळतं त्याचा बाइकशी संबंध बहुतेक वेळा तिरप्या चेनपुरताच असतो. रस्त्यावर घासत गेलात तर पातळ मेंढीचं चामडं काही क्षणांत फाटतं. खऱ्या रायडिंग जॅकेटचं चामडं साधारण १.१ ते १.३ मिलिमीटर जाड असतं, खांद्या-कोपरांत संरक्षक पॅड असतात आणि आतल्या लेबलवर ईएन १७०९२ हे युरोपीय मानक व त्यापुढे एएए, एए किंवा ए असा दर्जा छापलेला असतो. असं लेबल नसेल तर ते फॅशनचं जॅकेट, मग पाठीवर कितीही गरुड काढलेले असोत. दोन्ही कामं एकाच जॅकेटकडून करून घ्यायला गेलात तर पैसे वाया जातात. पुढचं सगळं साध्या, रोजच्या जॅकेटबद्दल आहे.

संत्र्याची साल आणि लेदरची नावं

'जेन्युइन लेदर' हा शिक्का वाचून हुरळू नये. त्याचा अर्थ फक्त 'यात चामडं आहे'. कोणत्या थराचं, किती चांगलं, याबद्दल तो शिक्का गप्प असतो.

थर समजून घ्यायला नागपूरकरांना पुस्तक लागत नाही, संत्रं पुरतं. सालीचा बाहेरचा भाग पाहा: घट्ट, चिवट, बारीक छिद्रांचा. आतला पांढरा भाग पाहा: सैल, स्पंजासारखा, नखानं निघणारा. जनावराच्या कातडीचंही तसंच. केसांच्या बाजूचा वरचा थर तंतूंनी घट्ट विणलेला असतो, खाली उतरावं तसे तंतू सैल होत जातात. वरचा थर जसाच्या तसा ठेवला, घासला नाही, तर ते फुल ग्रेन. त्यावरचे ओरखडे, डास चावल्याचे डाग काढायला हलकं घासून रंगाचा थर दिला तर त्याला बाजारात टॉप ग्रेन किंवा करेक्टेड ग्रेन म्हणतात. आतला पांढरा भाग वेगळा काढून त्यावर प्लास्टिकचा लेप देऊन वर दाण्यांचा, म्हणजे कातडीवरच्या बारीक उठावांचा, ठसा मारला की झालं कोटेड स्प्लिट. हेही चामडंच, आणि 'जेन्युइन लेदर'चा शिक्का सगळ्यात जास्त अभिमानानं इथंच मिरवतो. त्याच्याही खाली बॉन्डेड लेदर: चामड्याचा भुगा गोंदात मळून केलेली पोळी. आणि शेवटी रेक्झिन, ज्याची हल्ली 'वीगन लेदर', 'लेदराइट', 'फॉक्स लेदर', 'लेदर लुक' अशी बारशी झाली आहेत.

रेक्झिन घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. कॉलेजच्या पोट्ट्याला दोन हिवाळे मिरवायचंय, जनावराचं कातडं अंगावर नको असं कुणाचं मत आहे, तर खुशाल घ्यावं. फक्त रेक्झिनच्या भावात घ्यावं. बॉन्डेड मात्र कोणत्याच भावात घेऊ नका; त्यात दोन्हीकडचे दोष एकत्र नांदतात.

आता जनावर. हा प्रश्न दुकानात विचारा, कारण घरी आजी विचारणारच आहे. मेंढी: सगळ्यात मऊ, हलकी, हात लावताच आवडणारी, पण नखाचा ओरखडाही लक्षात ठेवणारी. 'नापा' म्हणून विकतात ते बहुतेक हेच. बकरी: दाणा जरा ठळक, थोडी कडक, पण चिवट, माझ्या मते आपल्याकडच्या वापराला सगळ्यात शहाणी निवड. म्हैस: जाड, मोठ्या दाण्याची, वजनदार. डुकराचं चामडं ओळखायला सोपं, छिद्रं तीन-तीनच्या पुंजक्यात दिसतात. मेंढी-बकरीचं जॅकेट दीड किलोच्या आगेमागे भरतं, गाय-म्हशीचं अडीच-तीन किलोपर्यंत जातं. कुणी म्हशीचं जाड चामडं म्हणून हातात पिसासारखं हलकं काही दिलं, तर हातानंच निकाल दिलेला असतो.

दुकानात: आधी उलटं करा

दुकानात जाताना चार गोष्टी न्या: पांढरा रुमाल, एटीएम कार्ड, मोबाइलचा टॉर्च आणि वेळ. संध्याकाळी सातला बर्डीच्या गर्दीत जॅकेट पारखता येत नाही. दुपारी बाराच्या सुमारास जा. दुकान रिकामं असतं, आणि जॅकेट दारापर्यंत नेऊन दिवसाच्या उजेडात पाहता येतं. ट्यूबलाइटखाली काळा, गडद तपकिरी आणि गडद निळा हे तिघं सख्खे भाऊ दिसतात.

दुकानदार पहिल्यांदा लायटर काढेल. "देखो भैया, ओरिजिनल माल है, जलता नहीं." हा खेळ पाहून घ्या आणि विसरून जा. ज्योत क्षणभर फिरवली तर चांगलं रेक्झिनही तग धरतं. पाण्याच्या थेंबाचंही तसंच: थेंब जिरला तर चामडं, असं सांगतात, पण वरून लेप दिलेल्या अस्सल चामड्यावरूनही पाणी घरंगळतं. वासाचा भरवसा तर अजिबात धरू नका. चामड्याच्या वासाचा स्प्रे मिळतो, आणि नीट कमावलेल्या चामड्याला फारसा वास नसतोही.

मग पाहायचं काय? जॅकेटची मागची बाजू. अस्तरामुळे ती लपलेली असते, पण कुठं ना कुठं सापडते. आतल्या खिशाच्या कोपऱ्यात, कॉलरच्या खाली, बाहीच्या टोकाला जिथं चामडं आत दुमडलंय तिथं, कधी अस्तराची शिवण एक-दोन बोटं उघडी असते तिथं. टॉर्च मारा. मखमलीसारखे, अस्ताव्यस्त तंतू दिसले तर चामडं. ताणाबाणा, म्हणजे विणलेलं किंवा जाळीसारखं कापड दिसलं तर रेक्झिन. पुढे बोलणं संपलं. अनेक जॅकेटांसोबत जास्तीच्या बटणाच्या पिशवीत चामड्याचा एक नमुना-तुकडा दिलेला असतो. तो मागून घ्या, पण जॅकेटशी ताडून पाहा. तुकडा मेंढीचा आणि जॅकेट रेक्झिनचं, असा विनोदही मी पाहिलाय.

तुकड्याची किंवा जॅकेटच्या आतल्या शिवणीची कापलेली कड नीट पाहा. आजकाल जॅकेटांचं जवळपास सगळं चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावतात, ते कडक आणि पिवळसर-तपकिरी. जॅकेटला ते चालत नाही. क्रोमनं कमावलेलं चामडं रंगवण्याआधी निळसर-राखाडी असतं. कापलेल्या कडेच्या मधोमध ती निळसर रेघ दिसली, तर रंग वरवरच बसलाय असं समजा. पहिल्या खरचटण्याला आतली राखाडी बाहेर येईल. रंग आरपार गेला असेल तर ओरखडा पडला तरी तो ओरखडाच राहतो, राखाडी जखम होत नाही.

आता समोरची बाजू. अंगठ्यानं दाबा. चामड्यावर दाबाभोवती बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या पसरतात आणि अंगठा काढला की हळूच विरतात. आपल्या हाताच्या मागच्या कातडीवर करून पाहा, तसंच. रेक्झिन नुसतं खोल जातं. मग चामडं दोन बोटांत आतल्या बाजूला दुमडा. घडीवर केसासारख्या बारीक रेघा आल्या तर उत्तम. जाड, फुगवटे आल्यासारख्या वळ्या पडल्या तर वरचा थर खालून सुटत चाललाय. हे चामडं पोटाकडचं असतं किंवा कमावण्यात चुकलेलं. असा भाग बगलेत थोडासा असेल तर चालवून घ्या, छातीवर किंवा कोपरावर असेल तर जॅकेट परत टांगा.

दाणा तपासताना दोन हात अंतरावरून पूर्ण पाठ पाहा. कातडी जिवंत होती, त्यामुळे तिच्यावरचे दाणे एका ठिकाणी दाट, दुसरीकडे विरळ असणार. भिंतीच्या टाइल्ससारखा तोच तो ठसा चार बोटांवर पुन्हा येत असेल तर वरचं नक्षीकाम यंत्राचं आहे. याचा अर्थ रेक्झिनच असा नाही. कोटेड स्प्लिट आणि करेक्टेड ग्रेनवरही ठसा मारतात. पण फुल ग्रेनचा भाव मात्र द्यायचा नाही.

रुमाल किंचित ओला करून कॉलरच्या आत आणि बाहीच्या टोकाला दहा वेळा घासा. किंचित छटा आली तर ठीक, काळा बोळा झाला तर तुमच्या पांढऱ्या शर्टाच्या कॉलरचं भविष्य तुमच्या हातात आहे. दुकानदार हरकत घेईल. घेऊ द्या. हरकत घेण्याची पद्धतही बरंच सांगते.

एटीएम कार्डाचं काय? कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते. अंगात घालायच्या मेंढी-बकरीच्या चामड्याची जाडी साधारण ०.६ ते ०.९. नमुना-तुकडा कार्डाशेजारी धरा. कार्डाएवढं म्हणजे बरोबर, अर्ध्या कार्डाएवढं म्हणजे खांद्याच्या शिवणीवर फाटणार, दीड कार्डाएवढं म्हणजे बाइकसाठीचं किंवा जनावर वेगळं.

शिलाई, चेन, अस्तर

कापडाची शिवण उसवून पुन्हा मारता येते. चामड्यात सुई गेली की भोक कायमचं. म्हणून चामड्याच्या शिलाईत चूक झाकली जात नाही, आणि टाके दाट म्हणजे मजबूत हा आपला समजही उलटा पडतो. फार दाट टाके म्हणजे पोस्टाच्या तिकिटाची कड. ओढली की सरळ रेषेत फाटते. एका इंचात सात ते नऊ टाके असावेत. दोरा पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा हवा. सुती दोरा आपल्या पावसाळ्यात कुजतो. शिवणीच्या दोन्ही बाजूंनी चामडं दाबून, चिकटवून सपाट केलेलं असावं, बोट फिरवताना गाठोडं लागू नये.

पाठ किती तुकड्यांची आहे ते मोजा. मेंढी-बकरीची एक कातडी पाच-सहा चौरस फुटांची, म्हणून खांद्याखाली एक आडवी जोड असणं स्वाभाविक. पण डिझाइनच्या नावाखाली पाठीवर सात-आठ ठिगळं जोडली असतील तर ते डिझाइन कारखान्यातल्या उरलेल्या तुकड्यांनी ठरवलंय. जोडलेल्या तुकड्यांचा रंग उन्हात सारखा आहे का, तेही पाहा.

चेन दहा वेळा वर-खाली करा, शेवटचे तीनदा एका हातानं. खालच्या टोकाची पिन डब्यात झटक्यात बसली पाहिजे. धातूची चेन आणि जड रनर चांगला. वायकेके (चेन बनवणारी नावाजलेली जपानी कंपनी) असं कोरलेलं असेल तर आनंद माना, पण तेवढ्यावर भाळू नका, नकली वायकेकेही बाजारात आहे. चेन पुढे बदलता येते. चामडं नाही. म्हणून चेन खराब पण चामडं चांगलं असलेलं जॅकेट भाव पाडून घ्यायला हरकत नाही. उलटं कधी नाही.

अस्तर बाहीत गुळगुळीत हवं, नाहीतर घालताना शर्टाची बाही कोपरापर्यंत गोळा होते. पाठीच्या मध्यभागी अस्तराला एक सैल चुणी ठेवलेली असली पाहिजे. ती नसेल तर हात पुढे करताच अस्तर बगलेत उसवतं. पाठीचं अस्तर सुती किंवा व्हिस्कोसचं मिळालं तर आपल्या दुपारींना सोयीचं.

अंगावर घालून

आत फक्त शर्ट घाला. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर संपली पाहिजे. चेन पूर्ण लावा, बाइकचं हँडल धरल्यासारखे हात पुढे करा, मग चपलेचा बंद लावायला वाका. पाठीवर ताण आला तर एक नंबर मोठं. चामडं वापरानं कोपरात, पाठीत थोडं सैल होतं. बाहीची लांबी मात्र वाढत नाही. आणि मोठं जॅकेट कारागीर आत घेऊ शकतो, लहान जॅकेट बाहेर सोडू शकत नाही, कारण जुन्या टाक्यांची भोकं दिसत राहतात. "पुढच्या वर्षी बारीक होणार आहे" हे मनातल्या मनात म्हणत एक नंबर लहान घेतलेलं जॅकेट माझ्या धाकट्या भावाकडे आहे. तो अजून बारीक होतोच आहे.

भावाचं गणित

चामडं चौरस फुटावर विकलं जातं. मध्यम मापाच्या जॅकेटला कापणीतली नासाडी धरून साधारण ३५ चौरस फूट लागतं, म्हणजे मेंढी-बकरीच्या सहा-सात कातड्या. समजा कारखान्याला बरं चामडं फुटाला ९० रुपयांनी पडलं. झाले ३,१५०. अस्तर, चेन, बटणं, दोरा यांचे ५०० धरा, शिलाईचे ७००. माल चेन्नई, कानपूर किंवा कोलकात्याहून निघतानाच ४,३५० रुपयांचा झाला. त्यावर वाहतूक, दुकानाचं भाडं, नफा, कर. आकडे मी समजा म्हणून घेतलेत, तुम्ही फुटाचा भाव कमी-जास्त करून पाहा. पण ३५ फूट काही बदलत नाहीत. हे गणित एकदा डोक्यात बसलं की "प्युअर शीप लेदर, फक्त १,९९९" या पाटीखालून तुम्ही हसत पुढे जाता.

माझ्या फिरण्यात दिसलेले भाव साधारण असे. फुटपाथ आणि छोटी दुकानं, १,००० ते ३,०००: रेक्झिन, कुणी काहीही म्हणो. ३,००० ते ५,०००: सगळ्यात फसवा पट्टा. इथं महागडं रेक्झिन, कोटेड स्प्लिट आणि एखादं खरंच चांगलं, मागच्या वर्षीचं उरलेलं जॅकेट एकाच हँगरवर असतं. वरच्या सगळ्या तपासण्या मुख्यतः या पट्ट्यासाठीच आहेत. ५,५०० ते ९,०००: बिनब्रँडचं पण अस्सल मेंढी-बकरीचं. यापुढे मॉलमधली ब्रँडं १०,००० पासून कुठंही जातात, आणि त्यातले निदान काही पैसे नावाचे असतात. ८,००० चं बिनब्रँडचं आणि १६,००० चं ब्रँडेड जॅकेट उलटं करून शेजारी ठेवलं तर फरक कधी शिलाईत दिसतो, कधी फक्त लेबलात. १६,००० च्या जॅकेटचंही आतलं पाहायला लाजू नका.

दिवाळी झाली की सभागृहांत 'फॅक्टरी सेल' लागतात. माल कधी खरंच चांगला असतो, पण आठ दिवसांनी तिथं लग्न असतं आणि विक्रेता दुसऱ्या शहरात. अशा ठिकाणी घेताना बिलावर पक्का पत्ता आणि जीएसटी क्रमांक असल्याशिवाय पैसे देऊ नका.

घासाघीस कधी करायची? संक्रांतीनंतर. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात दुकानदारालाही कळलेलं असतं की हा माल आता पुढच्या दिवाळीपर्यंत त्याच्याच गोदामात उन्हाळा काढणार. मी माझं सध्याचं जॅकेट तेव्हाच घेतलं, सदरच्या एका दुकानातून. ८,५०० वरून सुरुवात झाली. मी भाव न बोलता आधी बगलेतल्या सैल तुकड्यावर बोट ठेवलं, मग चेनचा अडकणारा रनर दाखवला. "भाऊ, हे एवढं सोडलं तर माल चांगला आहे तुमचा." तो दोन मिनिटं गप्प बसला, चहा मागवला, आणि ६,२०० ला दिलं. नुसतं "जास्त आहे, कमी करा" म्हणण्यापेक्षा दोष दाखवून बोललं की दुकानदाराला कळतं, समोरचा पाहून घेतोय. बकरीचं चामडं, चेन पुढे गोकुळपेठेतल्या काकांनीच बदलून दिली.

बिल पक्कंच घ्या, आणि त्यावर 'जॅकेट' एवढंच न लिहिता 'शीप लेदर जॅकेट' किंवा 'गोट लेदर जॅकेट' असं लिहून मागा. तोंडानं शंभर शपथा घेणारा दुकानदार हे लिहिताना अडखळला तर तिथंच थांबा. बिलावर एचएसएन क्रमांक (मालाचा प्रकार सांगणारा जीएसटीचा आकडा) असेल तर तोही वाचा: चामड्याच्या कपड्यांचा ४२०३ नं सुरू होतो. लहान दुकानाच्या बिलावर तो नसेलही. पण असेल आणि ४२०३ नसेल, तर का नाही ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे. 'एकदा विकलेला माल परत घेणार नाही' या छापील ओळीला घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दोष असलेला माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

ऑनलाइन घेणाऱ्यांना एकच सांगणं: वर्णनात 'मटेरियल' या ओळीत काय लिहिलंय तेवढंच खरं, वरचं शीर्षक नाही. आणि पार्सल उघडताना व्हिडिओ काढा.

उरलेले दहा महिने

फेब्रुवारीच्या मध्यावर जॅकेट ठेवायची वेळ येते. आधी कोरड्या मऊ फडक्यानं, मग किंचित ओल्या फडक्यानं पुसा. कॉलरवरचा घाम आणि तेल निघालं पाहिजे, बुरशी तिथूनच सुरू होते. सावलीत, पंख्याखाली वाळवा. उन्हात कधीच नाही. वाळल्यावर लेदर कंडिशनरचा पातळ हात द्या, आधी आतल्या एखाद्या कोपऱ्यावर लावून रंग गडद होतो का ते पाहून. घरचे खोबरेल तेल सुचवतील. ते डाग पाडतं आणि धूळ धरून ठेवतं. बुटाचं पॉलिशही नको.

रुंद खांद्याच्या हँगरवर टांगा, तारेच्या हँगरनं खांद्याला शिंगं फुटतात. वरून प्लास्टिकचं कव्हर घालू नका. जुनी सुती चादर किंवा उशीचा अभ्रा कापून घाला, चामड्याला हवा लागते. लोखंडी कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं असेल तर मे महिन्यात ते ओव्हन होतं; जॅकेट दुसऱ्या कपाटात हलवा. आणि कूलर असलेल्या खोलीत तर ठेवूच नका. बाहेर हवा कोरडी ठाक असताना खसच्या ताट्यांमागून सुटलेला तो ओलावा माणसाला सुखाचा आणि चामड्याला बुरशीचा. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी बाहेर काढून तासभर पंख्याखाली ठेवा. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या असू द्या. पांढरी बुरशी दिसलीच तर घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्यानं झाडा, नुसतं घरातल्या घरात पुसलं तर ती शेजारच्या कोटावर बसते. डांबरगोळ्या टाकल्यात तर त्या चामड्याला टेकू देऊ नका. ड्रायक्लीनला देणार असाल तर आधी विचारा, लेदरचं काम वेगळं करता का. साध्या कपड्यांसोबत गेलं की चामड्यातलं तेल धुऊन निघतं आणि जॅकेट पुठ्ठा होऊन परत येतं.

आणि ठेवण्याआधी सगळे खिसे रिकामे करा, आतलासुद्धा. यंदा माझ्या आतल्या खिशात संक्रांतीचा तिळगूळ राहून गेला होता. जुलैत हवा द्यायला जॅकेट काढलं तेव्हा चामड्याला काही झालेलं नव्हतं, पण झुरळांनी खिशाचं अस्तर कुरतडून ठेवलं होतं. काकांनी चाळीस रुपयांत नवा खिसा लावून दिला आणि म्हणाले, "आता हे चामडं आहे बाबू. एवढ्यानं काही होत नाही त्याले."